मुक्ताबाईंचं उतरतं छत

बाई,

पेपरात तुमची बातमी आली. चार ओळी. ‘सेवानिवृत्त महिला अभियंत्याचे निधन’ असा मथळा आणि खाली ‘मूळच्या मद्रासच्या’. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. चार ओळींत दोन चुका. तुम्ही असता तर मद्रासची चूक सोडून दिली असती, पण ‘अभियंता’ काही पचलं नसतं. कुणी इंजिनियरबाई म्हणून हाक मारली की तुम्ही जागच्या जागी थांबायचात आणि आमच्या जावळीच्या बोलीत ऐकवायचात, “इंजिनियर न्हाई, वास्तुशास्त्रज्ञ, आर्किटेक्ट. इमारत पडू न्हाई म्हनून इंजिनियर आसतो. तिच्यात मानसाला बरं वाटावं म्हनून मी आसते.”

ही बोली तुम्हाला मी दिली, त्याचा मला अजून गर्व आहे. आणि थोडी लाजही.

तुम्ही बांधकाम खात्याच्या साताऱ्याच्या ऑफिसात पहिल्यांदा आलात तो दिवस कडक उन्हाचा होता आणि तुमच्या हातात रेनकोट होता. आमच्या हॉलमध्ये उंच स्टुलांवर बसून आम्ही सातजण नकाशे काढायचो. सहा पुरुष आणि मी. मी ट्रेसर, सरकारी भाषेत अनुरेखक. साहेबांनी पेन्सिलीनं काढलेला नकाशा पारदर्शक कागदाखाली ठेवायचा आणि वरून शाईनं गिरवायचा. रेघ चुकली तर ब्लेडनं खरवडायची. यापलीकडं माझं काम नव्हतं आणि मला मतही नव्हतं. बाया एकीकडं बसाव्यात म्हणून तुमचं टेबल माझ्याशेजारी लावलं. तुम्ही बसलात, पाणी प्यायलात आणि मोडक्या हिंदीत मला पहिला प्रश्न विचारलात, “इथं सगळ्यात जास्त पाऊस कुठं पडतो?”

मी म्हटलं, “महाबळेश्वरला. नाहीतर आमच्याकडं, मेढ्याच्या वर.”

“तिथं कधी जायचं?”

मागं कुणीतरी हसलं. तुम्ही वळून बघितलं नाहीत.

तुम्हाला मराठीची परीक्षा द्यायची होती. पास झाला नसतात तर नोकरी कायम होणार नव्हती. डबा खाताना मी तुम्हाला शिकवायला लागले. पुस्तकातलं व्याकरण तुम्ही घरी स्वतःच पाठ करायचात, बोलणं मात्र माझ्याकडून उचललंत, आणि मी ते माझ्या आईकडून घेतलेलं. मग एकदा मोठे साहेब पाहणीला आले असताना तुम्ही भर हॉलमध्ये उभ्या राहून म्हणालात, “साहेब, ह्यो स्लॅब लय गळतोय. न्हाई चालायचा.” साहेबांनी आधी तुमच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि खो खो हसले. परीक्षेत तुम्ही शुद्ध मराठी लिहून चांगल्या मार्कांनी पास झालात. तोंडातलं ‘लय’ मात्र शेवटपर्यंत गेलं नाही.

मुत्तय्या हे तुमचं आडनाव आमच्या गावाकडं कुणाच्या जिभेवर बसेना. माझ्या आईनं पहिल्याच भेटीत त्याचं ‘मुक्ताबाई’ करून टाकलं. जीपचा ड्रायव्हर तेच म्हणायला लागला, मग साइटवरचे गवंडी. वर्षभरात तुम्ही कोयनेपासून कृष्णेपर्यंत मुक्ताबाई झालात.

मौलमेनची गोष्ट तुम्ही कधी सलग सांगितली नाहीत. मेढ्याच्या घाटात जीप तापली की इंजिन गार होईपर्यंत थोडी थोडी सांगायचात. ब्रह्मदेशात समुद्रालगतचं गाव, आमच्या महाबळेश्वरला मागं टाकील असा पाऊस. लाकडी खांबांवर उचललेली घरं, खालून पाणी वाहायचं आणि वर तुम्ही भावंडं पत्ते खेळायचात. वडील सुतार. दारं-खिडक्या त्यांच्याइतकी नेमकी कुणाला जमायची नाहीत म्हणे. मग तिथलं वारं फिरलं, बाहेरून आलेल्यांना राहणं अवघड झालं आणि अकरा वर्षांच्या तुम्ही आईवडिलांबरोबर बोटीनं मद्रासला उतरलात. तुमच्या आजोबांचा देश, पण तुम्ही तो पहिल्यांदाच बघत होता. निर्वासितांच्या छावणीत पत्र्याची लांबच लांब बराक होती. पाऊस आला की सगळी कुटुंबं अंथरुणं उचलून मधल्या एका कोरड्या पट्ट्यात यायची. रोजची भांडणं त्या पट्ट्यावरून.

“शालन,” तुम्ही म्हणाला होता, “ती बराक ज्यानं काडली ना, त्यानं पाऊस बघितलाच नव्हता. मला तवाच वाटलं, हे काम मला यील.”

एवढ्यावर तुम्ही शिकलात. शिष्यवृत्त्या मिळवत मुंबईपर्यंत आलात, या राज्याच्या सेवेत परीक्षा देऊन लागलात. तुमच्या जागी मी असते तर बराकीनंतर एखादं कोरडं गाव गाठून गप्प बसले असते. तुम्ही मात्र पाऊस शोधत आलात.

आता आमच्या गावच्या दवाखान्याचं सांगते. त्याच्याबद्दल तुमच्याशी कधी धड बोलता आलं नाही.

मेढ्याच्या पुढं डोंगराच्या कुशीत माझं माहेर. तिथं जुन्या सरकारी खोल्यांत आरोग्य केंद्र चालायचं. तुम्ही हट्टानं भर आषाढात बघायला निघालात, मी वाट दाखवायला. जीप ओढ्याअलीकडं सोडली आणि गुडघाभर चिखलातून चालत गेलो. आत एक बाई बाळंत होत होती, आणि तिची सासू खाटेवर छत्री धरून उभी होती. घराच्या आत, छत्री! माझी आई आम्हाला बघून तिथं आली. तिनं तुमचा भिजलेला पदर पिळला आणि म्हणाली, “आवं मुक्ताबाई, आमच्याकडं बाळाच्या आदी पाऊस येतोय खोलीत. तुमी शिकल्या-सवरल्या, कायतरी करा की.”

तुम्ही तिला होही म्हणाला नाहीत आणि नाहीही. सासूबाईंच्या हातातली छत्री घेतलीत. नर्सबाईंनी बाळाला गुंडाळेपर्यंत धरून उभ्या राहिलात. मुलगा झाला होता.

नवी इमारत मंजूर होतीच, पण नकाशा ठरलेला होता. अख्ख्या राज्याला एकच नकाशा, वर सपाट स्लॅब. जिथं ढग फिरकत नाहीत तिथंही तोच आणि आमच्या जावळीतही तोच. तुम्ही पंधरा दिवस टेबलावरून उठला नाहीत. सपाट स्लॅबच्या जागी दोन बाजूंना उतरतं छत, भिंतीच्या बाहेर चार फूट पुढं आलेलं. वारा पाऊस घेऊन येतो त्या अंगाला दार नाही. आणि पुढं रुंद ओसरी, कारण बाळंतिणीबरोबर आलेली माणसं पावसात कुठं बसणार? मी ते सगळं शाईनं गिरवलं. गिरवताना पहिल्यांदा मला कळलं की रेघेच्या आत कुणीतरी राहणार आहे.

नकाशा घेऊन आपण दोघी कार्यकारी अभियंत्यांच्या केबिनमध्ये गेलो. साहेबांनी बघितला, मान डोलावली. “बाई, छान आहे. पण वरून मंजुरी यायला दोन पावसाळे जातील. तुम्ही काम सुरू करा, कागद मी मागून बघतो.” हे त्यांचे शब्द. मी टेबलाच्या डाव्या बाजूला गुंडाळी धरून उभी होते. शब्द न् शब्द ऐकला.

इमारत झाली. पहिल्या पावसात गाव बघायला जमलं.

आणि नंतर तो निनावी अर्ज आला. मंजूर नकाशा परस्पर बदलला. त्याखाली दुसरी ओळ होती: सदर महिला परदेशी असून तिचे नागरिकत्व तपासावे. चौकशीला बाहेरून अधिकारी आले. आपल्या साहेबांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, मला काही कल्पना नाही, बाईंनी माझ्या माघारी केलं.

नागरिकत्वाचं तुम्ही दहा मिनिटांत मिटवलंत. प्लास्टिकच्या पिशवीतून बोटीचा कागद काढलात, मग छावणीचं कार्ड, मग नागरिकत्वाचा दाखला. एकेक टेबलावर ठेवलात, कडा जुळवून. अधिकाऱ्यांनी विचारलं, “मूळ गाव?”

“मूळ गावाला जायला आता व्हिसा लागतो, साहेब. चालू गाव सातारा.”

ते हसले. दारातला शिपाईसुद्धा हसला. त्या क्षणी मला तुमचा इतका अभिमान वाटला, की पुढच्या क्षणी मी जे केलं ते मला आजही खरं वाटत नाही.

त्यांनी मला आत बोलावलं. तुम्ही खुर्चीवर, साहेब दुसऱ्या खुर्चीवर. “हा नकाशा तुम्ही ट्रेस केला. कार्यकारी अभियंत्यांनी याला तोंडी संमती दिली तेव्हा तुम्ही हजर होता का?”

मला सहावा महिना होता. नोकरी अजून हंगामी होती, आणि ती कायम होणं साहेबांच्या सहीवर होतं. मी खाली बघितलं आणि म्हणाले, “मी ट्रेसर आहे, साहेब. मी मान खाली घालून रेघा ओढते. मला काही माहीत नाही.”

तुम्ही माझ्याकडं बघितलं नाहीत. पेनचं टोपण लावलंत, एवढंच.

दुपारी तुम्ही नेहमीसारखा डबा उघडलात. लिंबाचा भात निम्मा माझ्या झाकणात काढलात आणि म्हणालात, “खा. दोघींचं खा.” माझ्या पोटात मुलगीच आहे हे तुम्ही आधीपासून धरून चालला होता. मी सगळा खाल्ला.

तुमच्यावर ठपका बसला आणि महिन्याच्या आत सांगलीला बदली झाली. निघताना मला म्हणालात, “बाळंतपणाला म्हायेरी जाशील तवा छत बघ. गळतंय का कळव.”

बाई, माझी मुक्ता त्याच दवाखान्यात जन्मली. ज्या छताबद्दल मी गप्प राहिले, त्याच छताखाली. बाहेर धो धो चाललं होतं आणि आत माझ्या कण्हण्याशिवाय आवाज नव्हता. ओसरीवर माझा भाऊ, वडील, शेजारच्या दोघीतिघी असे सगळे कोरड्या अंगानं बसून होते. आई तर छताकडं बघत सारखी म्हणत होती, “थेंब न्हाई गं शालन, एक थेंब न्हाई.” लोकांना वाटतं मुलीचं नाव मी संत मुक्ताबाईंवरून ठेवलं. वाटू दे.

बाराव्या दिवशी मी तुम्हाला कार्ड लिहायला घेतलं. बरंच लिहायचं होतं. शेवटी पाठवलं ते एवढंच: ‘बाई, एक थेंब नाही. मुलगी झाली. शालन.’

तुमचं उत्तर आलं: ‘दोन्ही बातम्या चांगल्या.’

चार वर्षांनी तुम्ही मला सांगलीला मागून घेतलंत. नाव घालून मागितलंत. माझ्या मालकांची बदली मिरजेला झाली होती, तेव्हा मला ते सोयीचंच होतं, पण मी ऑफिसच्या पायऱ्या चढले त्या मान खाली घालून. तुम्ही मान वर करून म्हणालात, “आलीस? आरेखकाच्या परीक्षेचा फॉर्म भर. किती दिवस दुसऱ्याच्या रेघा गिरवनार?” त्या दिवसापासून संध्याकाळी एक तास तुम्ही मला शिकवलंत. जिना कुठून चढतो, खिडकी किती उंच ठेवली की बसलेल्या माणसाला बाहेरचं दिसतं. मी आरेखक झाले, निवृत्त होताना मुख्य आरेखक होते. मेढ्याच्या वरची, अकरावी शिकलेली बाई. याबद्दल तुमचे आभार मानायला गेले की तुम्ही ऐकू येत नसल्यासारखं करायचात.

सांगलीतलं तुमचं सगळ्यात मोठं काम म्हणजे मुलींचं वसतिगृह. जागा मिळाली नदीच्या अंगाला, स्वस्तातली म्हणून कुणाच्या डोळ्यांत न खुपणारी. पलीकडं भूपाल अण्णांचा ऊस होता. अण्णा जैन शेतकरी, पांढरी टोपी, बोलणं कमी. तुम्ही त्यांच्या बांधावर जाऊन बसलात. “अण्णा, पाणी कुठवर येतं?”

अण्णांनी आधी तुम्हाला नीट न्याहाळलं. मग उठले आणि देवळाच्या चौथऱ्यापाशी नेऊन काठीनं दाखवलं. “माझ्या आज्ज्यानं सांगितलेलं, हितवर आलतं. मी स्वतः बघितलं न्हाई. पर नदी इसरत नसती, बाई.”

तुम्ही टेप काढलात आणि त्या खुणेच्याही वर तीन फूट धरलंत. अख्खं वसतिगृह खांबांवर उचललंत, तुमच्या मौलमेनच्या घरांसारखं. खाली मोकळी जागा, सायकली लावायला, खेळायला. अण्णांच्या मुलांचं तासगावला बेदाण्याचं शेड होतं, तेही आपण एसटीनं जाऊन बघितलं. ऊन आत न येऊ देता वारा कसा खेळवतात ते तुम्ही तासभर बघत उभ्या राहिलात, आणि वसतिगृहाच्या पश्चिमेच्या भिंतीला तशा जाळ्या घातल्यात. अण्णा बांधकाम बघायला आले तेव्हा म्हणाले, “आवं बाई, ह्ये पोरींचं घर हाय का बेदान्याचं शेड?”

“वारा दोघांनाबी लागतोय, अण्णा.”

यावेळी साहेब वेगळे होते, पण आक्षेप त्याच जातीचा. एवढी उंची कशाला, एवढ्या पायऱ्या कशाला. तुम्ही शांतपणे म्हणालात, “नको आसंल तर नको म्हना, साहेब. पर लेखी द्या.” लेखी कुणी देईना. शेवटी मंजुरीच लेखी आली. फाईल माझ्याकडं देत तुम्ही म्हणालात, “जपून ठेव.” साताऱ्याच्या चौकशीचा उल्लेख तुम्ही आयुष्यात तेवढाच केलात, आणि तोही मी ओढूनताणून लावलेला अर्थ.

उद्घाटनाला कोनशिला बसली. पाहुण्यांचं नाव, अध्यक्षांचं नाव, अभियंत्यांचं नाव, ठेकेदाराचं नाव. तुमचं नाही. मी त्या दिवशी तुमच्याशी भांडले. म्हटलं, अर्ज करू. तुम्ही म्हणालात, “माझ्या बापानं मौलमेनमध्ये शेकडो दारं केली. एकावर नाव न्हाई. दारं आजूनबी उगडत-मिटत आसतील.” मी म्हटलं, सुताराची गोष्ट वेगळी. तुम्ही म्हणालात, कशी वेगळी? हा वाद आपण पुढं पंचवीस वर्षं अधूनमधून घालत राहिलो. बाई, तुम्ही गेलात म्हणून मी हरले असं समजू नका. नाव पाहिजेच होतं. माझं मत अजून तेच आहे.

मग तो पूर आला. तुम्ही निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, मीही घरीच होते. तुम्ही एकट्या म्हणून मी सकाळी तुमच्याकडं आले आणि दुपारपर्यंत दोघीही अडकलो. गल्लीत कमरेएवढं पाणी. पोरांनी बोटीत घेतलं. मी विचारलं, कुठं नेताय? वल्हं मारणारा पोरगा म्हणाला, “मावशी, मुलींच्या होस्टेलला. तितं वर पानी न्हाई.”

तुम्ही बोटीत हसायला लागलात. लोक बघत राहिले, म्हातारीला झालंय काय!

वसतिगृहाच्या खांबांमधून कृष्णेचं तांबूस पाणी वाहत होतं, आणि वर मजल्या-मजल्यावर माणसं. मुलींनी आपल्या खोल्या मोकळ्या करून दिल्या होत्या. चुलाण्यावर भाताची मोठी पातेली. एका पोरीनं वहीत नाव लिहून घेतलं, “आजी, काय काम करायचा?” तुम्ही सांगितलंत, “निवृत्त.” एवढंच. आपण चहा घेऊन बसलो. शेजारी वाडीवरची एक बाई होती, मांडीवर नातू झोपलेला. ती खाली पाण्याकडं बघत म्हणाली, “कुनी बांदलं आसंल गं ह्ये? लय शाना मानूस आसनार.”

मी तोंड उघडलं. तुम्ही माझा हात दाबलात आणि स्वतःच म्हणालात, “मानूस कशावरनं? बाई आसंल.”

“आवं जावा तिकडं! बाई कवा आसलं बांदतीय व्हय?”

तुम्ही चहाचा घोट घेतलात. तुमच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी कुठल्याही सत्कारात कुणाच्या चेहऱ्यावर बघितलेलं नाही. राग नाही, खंत नाही. शाळेत पहिल्या आलेल्या आणि घरी अजून न सांगितलेल्या पोरीसारखा तो चेहरा.

थोड्या वेळानं गॅलरीत आपण दोघीच होतो. मला वाटलं, आता. आता नाही तर कधीच नाही. मी म्हटलं, “बाई, साताऱ्याच्या त्या चौकशीत मी…”

“शालन, पायऱ्या मोज,” तुम्ही म्हणालात. “पाणी चौथ्या पायरीवर थांबलंय का पाचव्या?”

मी पायऱ्या मोजल्या. चौथ्या. माझं वाक्य तिथंच राहिलं. मला वाटलं तुम्हाला ऐकायचं नाही. मला वाटलं तुम्ही मला माफ केलेलं नाही आणि तेच बरोबर आहे.

आणि गेल्या महिन्यात तुम्ही गेलात. चेन्नईहून भाची आली होती तुमची, तिनं सगळं केलं.

मागच्या रविवारी सकाळी त्याच वसतिगृहात तुमची शोकसभा झाली. जुन्या मुली आल्या होत्या, कुणी डॉक्टर, कुणी शिक्षिका, एक तर आपल्याच खात्यात आलेली. चांगलं बोलल्या. भूपाल अण्णा आता नाहीत, त्यांचा मुलगा आला होता. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी काही लिहून नेलं नव्हतं. उभी राहिले आणि तुमच्या मोठेपणाबद्दल चार वाक्यं बोलले. मग मला पुढं जाता येईना. माइक धरून मी म्हणाले, “मला एक सांगायचं आहे. साताऱ्याला असताना बाईंवर ठपका बसला, तो खोटा होता. साहेबांनी तोंडी हो म्हटलं होतं. मी तिथं उभी होते. मी ऐकलं होतं. चौकशीत मला विचारलं आणि मी नाही म्हटलं. माझी नोकरी वाचली, त्यांची बदली झाली. त्यांनी मला कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. आज सगळ्यांसमोर सांगते.”

मी खाली बसले.

तेव्हा मागून इनामदार उठले. त्या चौकशीत जबाब लिहून घेणारे लघुलेखक, आठवतात ना? आता काठी घेऊन चालतात. साताऱ्याहून मुद्दाम आले होते. माइक नको म्हणाले.

“शालनताई, तुम्हाला माहीत नाही म्हणून सांगतो. चौकशीच्या आदल्या दिवशी बाई चौकशी अधिकाऱ्यांकडं आल्या होत्या. मी तिथं बसलो होतो. त्यांनी विनंती केली की ट्रेसरबाईला साक्षीला बोलावू नका. ते अधिकारी म्हणाले, ती तुमच्या बाजूनं बोलेल, तुमच्याच फायद्याचं आहे. तर बाई म्हणाल्या,” इनामदारांना तुमचं बोलणं जसंच्या तसं आठवत होतं, “‘साहेब, पोर दोन जिवांची हाय. खरं बोलली तर तिची नोकरी जाईल. खोटं बोलली तर तिची झोप जाईल. कशाला बोलावताय?’ त्यांनी ऐकलं नाही. तुम्हाला बोलावलं. तुम्ही बोलून बाहेर गेलात, तेव्हा बाई मला हळूच म्हणाल्या, ‘बरं झालं. नोकरी ऱ्हायली.’”

बाई, मी तोंडात पदर कोंबला.

म्हणजे तो निम्मा भात तुम्ही सगळं ठरवून वाढला होता. मला सांगलीला बोलावलंत ते ठरवून, आरेखक केलंत ते ठरवून. आणि गॅलरीत पायऱ्या मोजायला लावल्यात त्याही. एवढी वर्षं मी मनात तुमच्यापुढं गुन्हेगार म्हणून उभी होते, आणि तुमच्याकडं त्या खटल्याची फाईलच नव्हती. मला थोडा रागही आला तुमचा. एकदा सांगायचं होतंत की. पण मग लक्षात आलं, सांगितलं असतंत तर मी आयुष्यभर तुमची उपकृत राहिले असते. तुम्हाला शेजारच्या टेबलावर उपकृत बाई नको होती, तुमच्याशी कोनशिलेवरून भांडणारी पाहिजे होती.

सभा संपल्यावर खात्यात आलेली ती मुलगी माझ्याजवळ आली. वास्तुशास्त्रज्ञ आहे. म्हणाली, “काकू, तो जावळीतला दवाखाना मला बघायचाय. पावसात बघायचाय.” मी तिला माझा नंबर दिला. म्हटलं, आषाढात ये, वाट मी दाखवते.

घरी आले तेव्हा दोन वाजले होते. जेवले आणि जरा पाठ टेकावी म्हणून आडवी झाले. मी दुपारची कधी झोपत नाही, आणि रात्रीची झोपही माझी कधी सलग नाही. डॉक्टर वयाचं कारण देतात. जाग आली तेव्हा ऊन उतरून भिंतीवरून गेलं होतं. मुक्ता उशाशी बसलेली, घाबरलेली.

“आई, किती हाका मारल्या. अगं, चार तास झोपलीस. बरं नाही का?”

“बरं आहे,” मी म्हटलं. आणि उठून बसले, तिचा हात हातात घेतला आणि तिच्या जन्माआधीची ती गोष्ट पहिल्यापासून सांगितली. साहेबांची केबिन, गुंडाळी, खाली घातलेली मान, सगळं. ती ऐकत राहिली. चाळीस वर्षांची बाई आहे ती आता, पण ऐकताना तिनं माझा हात सोडला नाही.

शेवटी तिनं एवढंच विचारलं, “मग आई, आज सांगितलंस का सगळ्यांना?”

सांगितलं, बाई. मान वर करून सांगितलं.